साहेबांचा ठिपका

पॅकिंगच्या चिकटपट्टीचा वास आला की मुलुंडच्या कारखान्यात मी चालवलेली ती बैठक आठवते. सगळ्यांच्या सूचना मी पडद्यावर पिवळ्या डिजिटल चिठ्ठ्यांवर मांडल्या होत्या; आधी काय करायचं, ते मोबाइलवरून मताचे ठिपके देऊन ठरणार होतं. कारखान्याच्या साहेबांनी ‘गेटवर नवा बोर्ड’ला ठिपका दिला आणि पाठोपाठ सगळ्यांचे ठिपके तिथेच पडले. पॅकिंगमधल्या बाईंची ‘दिवसभर उभं राहून गुडघे सुजतात, स्टूल द्या’ ही चिठ्ठी एकाही ठिपक्याविना राहिली. “राहू द्या हो मॅडम, नेहमीचंच आहे,” त्या म्हणाल्या. मी सगळे ठिपके पुसले, ठिपक्यांवरची नावं लपवली. “साहेब, आता तुम्ही शेवटी.” या वेळी स्टूलवर ठिपकेच ठिपके! “बोर्डाला कोणीच नाही का रे?” म्हणत साहेबांनीही आपला ठिपका स्टूललाच टाकला. आता कुठल्याही ऑफिसात सर्वांत मोठ्या खुर्चीचं मत मी शेवटीच घेते.