ॲम्बुलन्सचा नकाशा पाहणाऱ्यांनो

खुर्सीपारवाल्यांनो, आज दुपारी रसमड्याच्या एका कारखान्यात गॅस सुटला. माझी नात ॲम्बुलन्स बोलवायची वेबसाइट सांभाळते. ती वेबसाइट एकदम रांगाले लागली.

"कावून अडकली वं?" मी इचारलं.

"आजी, सर्व्हर बरा आहे. गाडी कुठं पोचली ते आपल्या खुर्सीपारचे हजारो लोक घरी बसून नकाशावर पाहून राहिले. ॲम्बुलन्सच्या खऱ्या मागण्या त्याच गर्दीत अडकल्या."

"मंग बंद कर ना तो तमाशा!"

तिनं नकाशा बंद केला. तशा अडकलेल्या मागण्या धडाधड आल्या. सगळ्यात जुनी मागणी एका बाईची होती. नातीनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. अजूनही कोणी उचलून नाही राहिलं.

तुमच्या घरचे तर सगळे घरीच होते. मंग नकाशात काय पाहून राहिले होते?