किलोमीटर झाल्यावर या

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि ज्याच्यासाठी केलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले त्या माझ्या बापापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगायलेय, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत समोर बसलेले नाहीत. तेवढं बरं आहे.

गोष्ट एका गाडीची आहे. गाडीच्या ऑइलवरून कुणी कुणावर सूड उगवतं का, असं तुम्ही म्हणाल. मी उगवला. रागाच्या भरात नाही — शांत डोक्यानं, तोंडावर हसू ठेवून, गिऱ्हाईकाला पाणी विचारून.

गुलबर्ग्यात रिंग रोडला तेव्हा गाड्यांचं एक नवीन वर्कशॉप निघालं होतं. मी तिथं कौंटरवर होते. गाड्यांचे दिवसच होते ते. पोरगं पुण्याला नाहीतर हैदराबादला कंपनीत चिकटलं की आधी घरावर स्लॅब, मग बापाच्या दारात गाडी. ज्यांनी जन्मभर एसटीच्या फाट्यावर उभं राहून पाय मोडून घेतले ते आता किल्ली फिरवत यायचे. मला कन्नड यायचं, दखनी यायची आणि मराठी तर घरचीच, म्हणून आळंदकडचं कुणी आलं की साहेब मलाच पुढं करायचे.

कौंटरवर माझं एक काम असं होतं. फुकटच्या सर्व्हिस संपल्या की गिऱ्हाईकाला विचारायचं — आता पुढं कसं करायचं? दोन तऱ्हा होत्या. एक ठरलेली : गाडी चालो न चालो, सहा महिन्याला आणायची, ऑइल बदलायचं, ब्रेक बघायचे. दुसरी चालेल तशी : किलोमीटर भरले की या, तोवर येऊ नका. जे रोज सोलापूर-हुमनाबाद करतात त्यांना दुसरी बरी. पण ज्यांची गाडी दारात उभी असते त्यांना पहिलीच घ्यायला सांगायची, असं आमच्या फोरमननं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. गाडी कमी चालली म्हणजे कमी बिघडते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जवळच्या जवळ फिरणारी गाडी नीट तापत नाही, आत पाणी धरतं, ऑइल आपोआप खराब होतं, रबर कडक होऊन गळती लागते. हे मला पाठ होतं. कुणी अर्ध्या झोपेत विचारलं असतं तरी मी बरोबर सांगितलं असतं.

एक दिवस गुंडेराव अण्णा आले.

आता थांबा. आधी वाटेचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला मी नुसतीच दुष्ट वाटेन. म्हणजे, वाटलं तरी चालेल. पण वाटेचं ऐका.

आम्ही मूळ आळंदकडच्या मादन हिप्परग्याचे. आज्ज्याच्या आधीपासून मेंढरं. माझ्या बापानं थोडी जमीन केली होती, पण जीव मेंढरांत. आमच्या घरापासून ओढ्यापर्यंत दोन शेतांच्या मधून एक वाट जायची. मी त्या वाटेनं चाललेय. अनवाणी चाललेय, कोकरू कडेला घेऊन चाललेय, तिथल्या बाभळीचा काटा मोडून घेतलाय. मी दहा वर्षांची असताना शेजाऱ्यानं ती वाट नांगरून टाकली आणि म्हणाला, इथं वाट कधी नव्हतीच. गावानं बैठक बोलावली. आमच्याकडं अशा वेळी कागद कुणी काढत नाही. ज्याच्या ध्यानात जुनं सगळं आहे त्याला विचारायचं आणि तो म्हणेल ते खरं. आणि अख्ख्या गावात ध्यान कुणाचं? गुंडेराव अण्णांचं. त्यांची आळंदला आडत होती, पण गावच्या निवाड्याला तेच लागायचे. कुणाच्या आज्ज्यानं कुणाला कुठला बांध दिला, कुठल्या साली ओढ्याचं पाणी कुठवर आलं — सगळं त्यांना तोंडपाठ.

अण्णा देवळाच्या कट्ट्यावर बसून म्हणाले, "माझ्या चांगलं ध्यानात हाय. तिथं वाट न्हवती." शेजारी त्यांच्या भावकीतला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. बोललं कोण? कुणीच नाही.

वाट गेली. मेंढरं लांबून, दुसऱ्यांच्या पिकांच्या कडेनं न्यावी लागायची. रोज भांडण, रोज शिव्या. वर्षाच्या आत बापानं मेंढरं विकली आणि आम्ही गुलबर्ग्याला आलो. तो डाळीच्या मिलीत गेटवर बसायला लागला. ते सगळं मी सोसलं असतं हो. माणसं गाव सोडतातच. पण माझा बाप — जेवता जेवता हात थांबवून आईला विचारायचा, "व्हती का गं ती वाट, खरंच? अण्णा न्हाई म्हणत्यात म्हंजे माझंच काय तरी चुकत असंल." हे मी कितीदा ऐकलं असेल. स्वतःच्या पायाखालची वाट त्याला खोटी वाटायला लागली होती. ह्याला काय म्हणायचं? मी त्याला चोरी म्हणायचं ठरवून टाकलं होतं. शाळेत असतानाच.

आणि तोच माणूस आता माझ्या कौंटरसमोर, पांढराशुभ्र नेहरू शर्ट, हातात नव्या गाडीची किल्ली. म्हातारा झाला होता, पण ताठ. गाडी स्वतः चालवत आला होता आणि तसं दोनदा सांगितलंसुद्धा.

मी त्याला एक संधी दिली. खरंच दिली. मी म्हणाले, अण्णा, मी मादन हिप्परग्याचीच. कोणाची गं, म्हणाले. मी बापाचं नाव सांगितलं. सिद्रामची. मेंढरंवाल्या सिद्रामची. ओढ्याकडच्या.

अण्णांनी थोडं डोळे बारीक केले. मग मान हलवली.

"न्हाई ध्यानात, माय."

नाही ध्यानात! ज्याला गावातल्या बैलांचे वाण ध्यानात, त्याला माझा बाप ध्यानात नाही. ज्याच्या एका वाक्यानं माणूस गावातून उठला, त्याला तो माणूसच आठवेना. त्यांना आठवलं असतं, नुसतं "बरा हाय का सिद्राम" एवढं विचारलं असतं, तर मी काय केलं असतं? मला माहीत नाही. आता ते म्हणण्यात अर्थ पण नाही.

मग त्यांनीच विषय काढला. गाडी पोरानं घेऊन दिलीय, पोरगा पुण्याला, गाडी आपली दारात उभी राहते. अमावस्येला गाणगापूर, कधी बाजार, बस्. ह्या दोन तऱ्हांत आपण कोणती घ्यायची? कामून म्हणून सहा-सहा महिन्याला हेलपाटा घालायचा? तू शिकलेली आहेस, गावची आहेस, तू सांगशील ते करतो, म्हणाले.

मी हसले. मी म्हणाले, "चालतच न्हाई गाडी, तर ऑइल कशानं खराब होतंय अण्णा? किलोमीटर झाल्यावर या."

हे सगळं तोंडी असायचं. ऐकणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि साहेबांना जाऊन सांगितलं, की पोरगी गुणाची आहे, पैसे काढायला बघत नाही. साहेबांनी मान डोलावली, आणि मी खाली बघून लाजल्यासारखं केलं. एवढं नाटक मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

मला काय हवं होतं? नीट सांगते. त्यांचा जीव नको होता. गाडी बंद पडावी, चारचौघांत पडावी, रस्त्याच्या कडेला तो ताठ माणूस हात दाखवत उभा राहावा. एवढंच. मी कौंटरवर बसून ते चित्र बघायची आणि जेवण गोड लागायचं. त्या हंगामात ते कशाला तरी गुलबर्ग्याला आले तेव्हा माझ्यासाठी घरच्या तुरीच्या शेंगा घेऊन आले — पिशवी भरून. मी घरी नेल्या, उकडल्या, आणि बाप सोलून खात बसला. कुणी दिल्या, त्यानं विचारलं. मी म्हणाले, गिऱ्हाईकानं.

बरेच महिने गेले. मग एका सकाळी त्यांच्या बायकोच्या, गोदाक्काच्या पोटात कळ उठली, सहन होईना. अण्णांनी तिला मागं झोपवलं आणि गुलबर्ग्याकडं निघाले. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. धूर निघाला आणि गाडी जागेवर उभी. ते रस्त्यात आडवे उभे राहिले तेव्हा कुठं एक जीप थांबली. तिच्यात भाजीच्या पाट्यांमध्ये गोदाक्काला घालून दवाखान्यात आणलं. ऑपरेशन झालं. वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर नसती वाचली, असं डॉक्टर म्हणाल्याचं मला नंतर कळलं.

हे ऐकल्यावर माझे हात गार पडले. पडले, हे खरं. पण तिच्यासाठी पडले की स्वतःसाठी? मला वाटतं स्वतःसाठी. कारण माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं, की आता ते इथं येणार.

आले. गाडी ओढून आणली होती, इंजिन खोललं होतं, आतलं ऑइल चिखलासारखं झालेलं फोरमननं सगळ्यांना दाखवलं. पुण्याचा पोरगा आला होता. तो आईच्या काळजीनं पेटलेला होता, आणि सगळ्यांसमोर बापाला बोलायला लागला. बाबा, इतके दिवस सर्व्हिसिंगच केलं नाही? तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. रागानं नाही. साधं, खरं सांगावं तसं. "ह्या पोरीनंच सांगितलं की. किलोमीटर झाल्यावर या म्हणाली."

पोरगा माझ्याकडं वळला. साहेब माझ्याकडं वळले. फोरमन हात पुसत उभा राहिला.

इथवर मी जे केलं होतं ते, चला, चुकीचा सल्ला म्हणून खपलं असतं. मी "चुकलं" म्हणाले असते तर नोकरी गेली असती, बाकी काही नाही. पण मला त्या क्षणाला नोकरी दिसलीच नाही. मला दिसला देवळाचा कट्टा. सगळी माणसं गोळा झालेली, आणि निवाडा कुणाच्या तरी ध्यानावर आलेला. फक्त ह्या वेळी बोलायची पाळी माझी होती.

मी म्हणाले, "न्हाई अण्णा. मी सहा महिन्याला या म्हणाले हुते. माझ्या चांगलं ध्यानात हाय."

मुद्दाम तेच शब्द. त्यांचे त्यांना परत.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मी डोळे हलवले नाहीत. मग त्यांच्या तोंडावर काय झालं ते मी बघितलं — ते आपल्या ध्यानात आत जाऊन शोधायला लागले, आणि मी पाहात असताना त्यांच्या हाताला काहीच लागलं नाही. "आसंल," म्हणाले. "तू खोटं कशाला बोलशील, माय. माझ्याच ध्यानातनं गेलं असंल." पोरानं सुस्कारा सोडला आणि माझी माफी मागितली.

मला काय वाटलं माहीताय? मला बरं वाटलं. छाती भरून आल्यासारखं बरं वाटलं. मी त्या संध्याकाळी बापासाठी जिलेबी नेली.

पुढचं मला गावाकडच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत गेलं. पोरानं किल्ली काढून घेतली, गाडी विकली. जाताना घरच्यांना बजावून गेला, की बाबांचं आता खरं धरू नका, त्यांच्या ध्यानात राहत नाही. मग काय? घरात सारखं तेच, गोळी घेतली का, दार लावलं का, आत्ताच तर सांगितलं की. आडतीवर कुणी जुना हिशोब विचारला तर कामाची पोरं बाजूला नेऊन सांगायची, त्यांना नका विचारू. गावात निवाड्याला बोलवायचे थांबले. आणि सगळ्यात वाईट हे, की त्यांनी स्वतःच ते मान्य केलं. एखादी गोष्ट बरोबर सांगायचे आणि वर म्हणायचे, माझं चुकतही असंल. चांगला खणखणीत माणूस होता तो. डोकं शाबूत होतं. हे अख्ख्या मुलखात फक्त मला माहीत होतं.

बापाला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा तो हळहळला. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापत बसले.

मग एकदा दुपारी वर्कशॉपचं दार ढकलून अण्णा आत आले. बसनं आले होते, एकटेच. कौंटरपाशी येऊन उभे राहिले आणि पहिलं हेच विचारलं, की मी तुझी माफी मागायला आधी येऊन गेलो का. मी म्हणाले, न्हाई अण्णा. पहिल्यांदाच.

त्यांनी हात जोडले. माझ्यापुढं, माझ्या बापाच्या वयापेक्षा मोठ्या माणसानं. "त्या दिवशी पोराच्या म्होरं तुझं नाव घेतलं मी. तुझी नोकरी गेली असती. माझं टकुरं चालंना, त्यात तुझ्यावर आळ घेतला. मनात ठिवू नको, माय."

आसपास कुणी नव्हतं. साहेब जेवायला गेले होते. एक वाक्य पुरलं असतं — अण्णा, तुमचं बरोबर होतं. एवढं म्हणाले असते तर तो म्हातारा तिथल्या तिथं ताठ झाला असता, स्वतःचं डोकं परत घेऊन बस पकडली असती. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. भीतीनं नाही. मला ते द्यायचं नव्हतं.

मी म्हणाले, "असू द्या अण्णा. वयानं होतंय. मी माफ केलं."

त्यांनी डोळे पुसले, माझं भलं होवो म्हणाले, आणि दारातल्या पायऱ्या नीट बघत बघत उतरले. मी पुढच्या गिऱ्हाईकाला आत बोलावलं.