दर्शनाचा मॉनिटर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. अमोलला नाही, केतनला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सात वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणाऱ्यांमध्ये मी फार चांगला माणूस आहे. सोसायटीच्या गणपतीत साउंड मी बघतो, शेजारच्या पोरांना गिटार फुकट शिकवतो. नितीनदादा म्हणजे देवमाणूस, असं म्हणतात. ते ऐकलं की हल्ली मी विषय बदलतो.

तर — आमचा बँड होता. चौघांचा. मी गिटार, थोडं गाणं. अमोल ड्रम्सवर, केतन कीबोर्डवर. बँड मी सुरू केला होता, आणि हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचो. नोकरी बेलापूरला, घर सीवूड्सला, आणि शनिवार-रविवार जिथे बोलावतील तिथे — हळद, वाढदिवस, कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन. वडील साताऱ्याकडचे, मार्केटात गोणी वाहिलेले. मुलगा स्टेजवर नेमकं काय करतो ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

दर्शना नंतर आली. उलव्याजवळच्या जुन्या गावातली. तिची आई लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. त्यांच्याकडे लग्नातले विधी अशा बायकांच्या गाण्यावरच पुढे सरकतात. वडील दगडखाणीत राबून चाळिशीतच बहिरे झालेले. दर्शनाला स्केलचं नाव सांगता यायचं नाही. पण सूर! मिक्सर सुरू झाला तरी त्याच्या घरघरीत सूर लावून गुणगुणायची. माझी एखादी तार किंचित उतरली की ती गाता गाता माझ्याकडे बघायची. नुसती बघायची, बोलायची काहीच नाही. मला ते बघणं आवडायचं नाही. पण हे मी तेव्हा कबूल केलं असतं का? छे.

त्या हिवाळ्यात तीन दिवसांचा दौरा ठरला. शुक्रवारी पनवेल, शनिवारी लोणावळा, रविवारी दुपारी पुणे. तीन पब. ‘दौरा’ हा शब्द माझा — अमोल त्यावर हसायचा. केतनच्या मामाची व्हॅन, मागे सामान, पुढे आम्ही.

पनवेलला कुणी ऐकतच नव्हतं. मॅच चालू होती, लोक पाठ करून बसलेले. मी गायलो, केतन गायला — काही नाही. मग दर्शनाने आईचा धवला घेतला. आम्ही त्याला खाली ड्रम्स आणि गिटार लावली होती, पण खरं सांगू? त्याला काहीच लावायची गरज नव्हती. माणसं हळूहळू वळली. एका टेबलावरचा माणूस हातात चिकनचा तुकडा धरून तसाच बसला. सगळ्यांचे मोबाइल रेकॉर्ड करायला वर. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या ग्रुपवरही आला, आणि त्यात माझं फक्त कोपर दिसत होतं. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल? कोपरासाठी.

लोणावळ्यातही तेच झालं. कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे वायरी गुंडाळत होतो. पडद्यापलीकडे पबचा मालक तिच्याशी बोलत होता. मॅडम, पुढच्या वेळी तुम्ही एकट्याच या, ट्रॅक लावू, हे गिटारवाले वगैरे कशाला हवेत? मी वायर हातात धरून थांबलो.

ती म्हणाली, “नाय ओ. आमी चौघं हाव, चौघंच येनार. नितीनदादांनी मना उभी केली.”

बस. एवढंच. बाहेर येऊन आम्हाला तिने याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. सकाळी नाश्त्याला स्वतःच्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून माझ्या प्लेटमध्ये टाकले, कारण मला आवडतात.

माणसाला अशा वेळी काय वाटायला हवं? तुम्हाला काय वाटलं असतं? मला — मला तिची चीड आली. मी माझ्याच बँडमध्ये आता तिच्या मेहेरबानीवर उभा आहे, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. ते शेंगदाणे मी खाल्ले, आणि खाता खाता ठरवलं.

हो, ठरवलं. रागाच्या भरात झालं, हात लागून गेला — असं काहीतरी सांगायची सोय मी स्वतःसाठी अनेक वर्षं ठेवली होती. तसं नव्हतं. पुण्यापर्यंत दीड तास मी खिडकीतून बाहेर बघत नीट विचार करत होतो.

स्टेजवर गाणाऱ्याच्या पायाशी एक स्पीकर असतो, त्याच्याकडे तोंड केलेला. मॉनिटर म्हणतात त्याला. समोरचे मोठे स्पीकर लोकांसाठी. मॉनिटर गाणाऱ्यासाठी, त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. ड्रम्सच्या दणदणाटात तो नसेल तर तुम्ही काय गाताय ते तुम्हालाच कळत नाही. आवाज ऐकू येत नाही म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की सूर चढतो. आमचा साउंड मीच बघायचो, फोनवरच्या अ‍ॅपवरून. गिटारजवळच्या स्टँडला फोन लावलेला असायचा. एक बोट सरकवायचं — एवढंच काम.

रविवारची दुपार. उन्हाची गच्ची, भरलेली टेबलं, कुटुंबं, बियरचे मग. पनवेलचा व्हिडिओ बघून काही लोक मुद्दाम आले होते. तिने धवला सुरू केला. पहिली ओळ मी तिला नीट गाऊ दिली. दुसऱ्या ओळीला तिच्या मॉनिटरमधला तिचा आवाज खाली आणला, आणि माझी गिटार वर केली.

ती चढली. थोडीशी, मग बरीच. समोरच्या टेबलावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दर्शना थांबली, हसली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिने एक कान हाताने दाबून धरला, डोळे मिटले — ती स्वतःला शोधत होती, आणि मी चार फुटांवर उभा राहून कॉर्ड वाजवत होतो. तिसऱ्या वेळी कुणीतरी मागून तिच्या चढलेल्या सुराची नक्कल केली. मोठा हशा झाला. तिने माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच — माझी तार उतरली की बघायची तसं. फक्त या वेळी ती विचारत होती.

मी खांदे उडवले.

तिने माइक स्टँडवर ठेवला आणि खाली उतरली. मग काय केलं मी? तिचा मॉनिटर पूर्ववत केला, तिच्या माइकवर गेलो आणि पुढचा पाऊण तास गायलो. चांगला गायलो. टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्या मला गोड लागल्या — हेही लिहायला हवं, नाहीतर हा कागद खोटा.

परतताना घाटात ती पुढे वाकून म्हणाली, “दादा, मॉनिटर बंद होता का? मना माझाच आवाज आयकू येत नव्हता.”

“नाही गं. चालू होता. मी चेक केला होता.”

ती मागे टेकली. थोड्या वेळाने म्हणाली, “मंग माझंच कान गेलं का काय, बाबांसारखं?” मी खिडकीची काच वर केली.

पुढच्याच आठवड्यात ती कान तपासायला निघाली. एकटीला भीती वाटत होती, म्हणून सोबत कोण आलं असेल? मी. ऑफिसमधून अर्धी रजा टाकली. लहानशी बंद खोली, काचेपलीकडे ती, डोक्याला हेडफोन. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. ती डोळे घट्ट मिटून बसली होती, अंगठा बटणावर, आणि ओठ हलत होते — देवाचं नाव घेत असावी.

आता जे सांगणार आहे त्याच्यापुढे मॉनिटर काहीच नाही. मी बाहेर बाकावर बसून मनात म्हणत होतो — सापडू दे. तिच्या कानात काहीतरी सापडू दे. थोडंसं. म्हणजे मी सुटेन. सत्तावीस वर्षांच्या मुलीला बहिरेपण यावं असं मी मागत होतो, मनापासून, तिची पर्स मांडीवर सांभाळत.

कान उत्तम निघाले. डॉक्टरांनी तर कौतुक केलं, इतके चांगले कान रोज बघायला मिळत नाहीत म्हणाले. मला वाटलं ती खूश होईल. जिन्यात ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “कान चांगलं हाय. म्हनजे मनाच गाता येत नाय.”

तिथे सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तिला उसाचा रस पाजला.

ती परत गायली नाही. बँड वर्षभर रखडत चालला, मग बंद पडला. आम्हाला ऐकायला कुणी येत नव्हतं. तिचं लग्न झालं. तिच्या भावाच्या हळदीला मला आग्रहाने बोलावलं होतं. आई बायकांमध्ये बसून धवला गात होती, आणि दर्शना पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. गाणं संपल्यावर आई माझ्याजवळ आली. “तुमी सांगा ना तिला गायाला. तुमचा आयकते ती.” मी म्हटलं, सांगतो. आणि जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

गेल्या महिन्यात दर्शनाचा फोन आला. तिची मुलगी चार वर्षांची आहे, दिवसभर गात असते. दर्शना म्हणाली, “दादा, ती सुरात हाय का नाय ते मना सांगा. मना नाय कलत.”

मिक्सरच्या घरघरीत सूर लावणारी ही बाई. मला विचारत होती.

तिने फोन पोरीच्या तोंडाशी धरला. पोर गायली. आजीचाच धवला होता, अर्धे शब्द गिळलेले — आणि सूर अगदी स्वच्छ.

“सुरात आहे,” मी म्हणालो.

“नक्की ना?”

“नक्की.”

“बरं वाटलं. तुमी सांगितला म्हनून इस्वास बसला.”

मग तिने बायकोची चौकशी केली, घरी यायचं आमंत्रण दिलं. मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हाही सांगितलं नाही.