सावळाराम तात्यांचे मातीचे लाडू

माझं नाव नकोशी. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मागनं नको. चौथी बी पोरगीच झाली म्हणून आज्जीनं ठेवलं, आणि शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत तेच चिकटलं. नाव ठेवणारी गेली, मी हाय अजून.

माहेर निमगाव केतकीचं. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीला पाण्याचे लई हाल. आई वढ्याच्या वाळूत खड्डा करून बसायची आणि झिरपंल तसं वाटीवाटीनं घागरीत भरायची. एक घागर भरेस्तवर माझा बेचा पाढा धा वेळा म्हणून व्हायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जो गाढवपणा केला त्याचं मूळ तितं हाय.

लग्न ठरलं सांगवीला, कालव्याच्या गावात. समदी भावकी म्हणाली, "पोरीनं नशीब काढलं, बागायतीत पडली!" पडले ती कुठं, तर चारीच्या, म्हणजे कालव्यातनं रानाकडं येणाऱ्या पाटाच्या, पार शेवटाला, एक एकर खोलगट रानात. वरच्या समद्या उसाचं पाणी पाझरून आमच्यात यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रानात गेले तर जमीन पांढरीफेक. मला वाटलं कुणी चुना सांडला का काय. बोट लावून जिभेला लावलं. खारट! त्या दिवशी बांधावर बसून मी लई रडले. पाणी नसलेल्या गावातनं आले आणि पाण्यानंच मेलेलं रान पदरात पडलं.

आणि ते पाणी सोडणारे म्हणजे सावळाराम तात्या. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कवा आणि किती येळ सोडायचं, हे ज्याच्या हातात असतं तो पाटकरी. तात्या तीस वर्षं पाटकरी व्हते. उंच माणूस, सायकलच्या दांडीला खोरं बांधलेलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कुणाला न्हाय म्हणायचं त्यांना येतच नव्हतं. "तात्या, अजून अर्धा तास राहू द्या की." "राहू दे." "तात्या, खालच्या तुकड्याला बी जरा." "घे बाबा." त्यामुळं गावात देवमाणूस! प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला तात्या. मला मात्र त्यांचं तोंड दिसलं की तिडीक जायची.

"तात्या, पाणी देता का मीठ देता वो?" मी भर चारीवर ओरडायची.

"पाणी बी कुणाला नको झालंय का, पोरी?" म्हणायचे आणि हसत सायकल पुढं न्यायचे. त्या हसण्यानं तर माझ्या अंगाचा भडका उडायचा.

आमच्या गावाची एक खोड तुमाला सांगते. पाण्याची पाळी आली की ती सोडायची न्हाय. पाऊस पडून गेलाय, रानात पाय घोट्यापर्यंत रुततोय, ऊस पाण्यात उभा हाय, तरी बी चारीचं दार उघडायचं म्हणजे उघडायचं. सोडली तर हक्क जाईल ही एक भीती, आणि शेजारी हसंल ही दुसरी. दुसरीच जास्त.

तात्या रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. मी गेले न्हाय सत्काराला. आठ दिवसांनी सकाळी रानात बघते तर माझ्या बांधावर तात्या, हातात खोरं.

"हितं काय काम?" मी म्हणलं.

तात्या रानाच्या मधोमध गेले आणि खड्डा घ्यायला लागले. हातभर खोल झाला न झाला, खाली पाणी लागलं. भर उन्हाळ्यात! तात्या खड्ड्याच्या काठावर बसले.

"रिटायर व्हायच्या आधी दोन दिवस शिबिराला धाडलं व्हतं आमाला," ते म्हणाले. "तितल्या सायबांनी असाच खड्डा घेऊन दावला. वरनं जादा पाणी दिलं की खालचं पाणी वर येतं, आणि येताना मीठ घेऊन येतं. मी तितं बसलो व्हतो आणि मला तुझं रान दिसत व्हतं. नकोशे, हे रान मी मारलंय."

आता सांगा, दहा वर्षं ज्या माणसाला शिव्या द्यायच्या म्हणून तोंडात जपून ठेवलेल्या, तो स्वतःच असं म्हणाला तर बाईमाणसानं करायचं काय? मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. दुसरं काय सुचलंच न्हाय.

त्यात आमच्या घरात वेगळंच चाललेलं. आमचे मालक, युवराज, एमआयडीसीत कामाला. त्यांना शेतीचा कंटाळा आलेला. वीटभट्टीवाला रानातली माती मागत व्हता आणि हे देऊन टाकायला निघाले व्हते. एकदा भट्टीवाल्यानं माती खरवडून नेली की तितं पुन्हा गवत बी उगवत न्हाय. मी म्हणलं, "तीन वर्षं द्या मला." हे म्हणले, "एक." बाजारातल्या वांग्यासारखी घासाघीस करून शेवटी दोनावर आलो. दोन वर्षांत त्या रानात गव्हाचं पीक उभं दिसलं न्हाय, तर भट्टी.

तात्यांनी आणि मी रानाच्या कडेनं खोल चर खणला, पार वढ्यापर्यंत. खारं पाणी निघून जायला वाट पाहिजे ना! महिना गेला त्यात. पावसाळ्यात धैंचा पेरला. मिठाला दाद न देणारं ते हिरवं झाड, फुलावर आलं की नांगरून मातीत गाडायचं. लोक म्हणायचे, "नकोशीनं पेरलं आणि नकोशीनंच पुरलं." म्हणू देत! पण तात्यांना खरी चिंता येगळीच. "आपण चर काढून खालनं पाणी काढतोय, आणि वरनं गाव वततंय. वरचं कमी झाल्याबिगर तुझं रान उठत न्हाय."

आणि मग त्यांनी शाळा काढली. शाळा म्हणजे दुधाची डेअरी. सकाळी सहाला समदं गाव कॅन घेऊन रांगेत उभं असतं, तितं कोण चुकत न्हाय. आता डेअरीत नवं यंत्र आलंय, दूध घातलं की मोबाइलवर मेसेज येतो, रांग अशी राहिलीच न्हाय. पण मला अजून ती रांग दिसती. त्या रांगेच्या तोंडाला तात्या घमेलं घेऊन बसलेले, आणि घमेल्यात मातीचे लाडू. ज्याच्या त्याच्या रानातल्या मातीचे, पहाटे हिंडून वळून आणलेले.

"हे घे, तुझ्या रानातलं. हातभर खालची माती हाय. दाब अंगठ्यानं. फुटला का? न्हाय ना? मग रानात वल हाय. लाडू वळला तर पाणी द्यायचं न्हाय. भुगा झाला तर दे."

एवढाच धडा. वही न्हाय, फळा न्हाय. कुणाला तू चुकलास म्हणायचं न्हाय, नुसता लाडू हातात द्यायचा.

लोकांनी जी चेष्टा केली! "तात्या, फॅट किती लागली लाडवाला?" "तात्या, बारसं कुणाचं?" त्यावर तात्या आपले हसायचे. मला मात्र राहवंना. दुसऱ्या दिवसापासनं मी बी शेजारी उभी राहिले. लाडू तात्यांनी द्यायचा आणि कोण जादा बोललं तर तोंड मी सोडायचं, अशी वाटणीच झाली आमची.

सगळ्यात अवघड हिंदुराव. माझ्या रानाच्या वरच्या अंगाला त्यांचा बारा एकर ऊस, म्हणजे खरं मीठ तितनंच येणार. एक दिवस त्यांनी भर रांगेत लाडू हातात घेतला आणि म्हणले, "तात्या, तीस वर्षं तुमीच दारं उघडून दिली. आता तुमीच शहाणपण शिकवाय लागला व्हय?"

मी तोंड उघडणार, तात्यांनी हात धरला.

"व्हय हिंदुराव," ते म्हणाले. "चुकलोच की मी. म्हणून तर आलोय."

हिंदुराव कॅन उचलून गेले. चार दिवसांनी पाळी आली तवा मात्र निरोप आला, बारातल्या एक एकराला पाणी देत न्हाय, बघू तरी काय व्हतंय. "पण हक्क गेला तर?" त्यांनी इचारलं. तात्या म्हणाले, "तीस वर्षं रजिस्टर मी लिवलंय. सोडल्यामुळं हक्क गेला असा एक बी माणूस न्हाय त्यात. सोडणाराच कवा कोण नव्हता, म्हणून तुमाला ठाव न्हाय."

भादव्यात वारं सुटलं. पाण्यानं मऊ पडलेल्या रानात हिंदुरावांचा ऊस आडवा झोपला, आणि तो एक एकर तेवढा ताठ उभा. दुसऱ्या दिवशी डेअरीत हिंदुराव आले ते रुमालात लाडू बांधून. तात्यांच्या पुढं धरला आणि म्हणले, "बघा, वळतोय का?" तात्यांच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलं. मी बघितलं हे त्यांना कळू दिलं न्हाय.

दुसऱ्या वर्षी पुन्हा धैंचा गाडला आणि कार्तिकात गहू पेरला. उगवला! दहा वर्षं ज्या रानात कुसळ आलं नव्हतं, तितं गुडघ्याएवढा हिरवागार गहू. मी दिवसातनं चार वेळा जाऊन बघायची. आणि त्यातच पाण्याची पाळी आली. माझी.

माती काढून मी लाडू वळला. झकास वळला. म्हणजे पाणी द्यायचं न्हाय. गावाला हेच शिकवून माझा घसा बसलेला. पण चारीतनं पाणी खळखळत आलं, माझ्या रानाच्या दाराशी येऊन थांबलं, आणि मला वाळूतल्या खड्ड्यापाशी बसलेली आई दिसली. आलेलं पाणी परत धाडू? माझ्या हातनं व्हईना. मी दार उघडलं आणि दिवसभर बांधावर उभी राहून गहू पाणी पिताना बघितला. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

पंधरा दिवसांत खालचा कोपरा पिवळा पडला आणि मातीवर पांढरं फुललं. आणि मी केलं काय? तात्यांना दिसू नये म्हणून त्यावर शेणखत पसरलं! तीस वर्षं पाटावर काढलेल्या माणसापासनं मीठ झाकते मी. तात्या आले, सरळ त्या कोपऱ्यात गेले, पायाच्या अंगठ्यानं खत बाजूला केलं आणि बघत राहिले.

"शिव्या द्या," मी म्हणलं. "द्या की! गावाला अक्कल शिकवत व्हते मी. आता हे रान भट्टीला जाईल आणि त्याला मीच कारण." आणि मी तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागले.

तात्या खाली बसले. "मला तीस वर्षं कळलं न्हाय," ते म्हणाले, "तुला पंधरा दिवसांत कळलं. उठ, खोरं आण."

त्या कोपऱ्यातनं आमी अजून एक चर काढला. पुढची पाळी आली तवा तात्या माझ्याशेजारी दारावर येऊन बसले. लाडू वळला. दार बंद. पाणी माझ्या डोळ्यांपुढनं वढ्याकडं गेलं आणि माझा जीव तुटत राहिला. तात्यांनी दुसरं काही केलं न्हाय, नुसते शेजारी बसून राहिले. ते नसते तर मी पुन्हा उघडलं असतं, हे मी आज बी कबूल करते.

कोपरा गेला, बाकीचा गहू आला. मालक बांधावर आले, एक ओंबी हातावर चोळली, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले. भट्टीवाला पुन्हा आला तवा त्याला अंगणातनंच परत लावला, चहा सुदिक इचारला न्हाय.

पण तात्यांनी तो गहू काढलेला बघितला न्हाय. कापणीच्या आधी आठ दिवस त्यांचं उजवं अंग गेलं. वाचा अडखळायला लागली, माणसं मधनंच ओळखायची, मधनंच न्हाय. मी पहिला गहू दळून आणला, गूळ-तूप घालून लाडू वळले आणि डबा घेऊन गेले. त्यांच्या सुनेनं, स्वरूपानं, त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं.

मी त्यांच्या डाव्या हातात लाडू दिला. तात्यांनी तो जरा येळ तळव्यावर धरला आणि अंगठ्यानं हळूच दाबून बघितला.

"वल हाय," ते म्हणाले. "पाणी नको."

स्वरूपा तोंड फिरवून उभी राहिली.

"तात्या, दाबू नका, खावा," मी म्हणलं. "आपल्या रानातला गहू हाय. खालच्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं का न्हाय, देव जाणे. तुकडा तोंडात घातला, हळूहळू चावला, जिभेवर लई येळ घोळवला. मला माझा पहिला उन्हाळा आठवला, बोट जिभेला लावलेला. तात्यांनी गिळलं आणि लहान पोराला नवल वाटावं तसं बघत म्हणाले,

"पोरी, खारट न्हाय लागत गं."