आईला लागू न पडलेली गोळी

दुष्काळात गावाला टँकर लागला त्या वर्षी वडिलांनी मेंढरं विकली आणि आम्ही पिशोरकडून शहरात आलो. शहराच्या कडेला इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीवर त्यांना वॉचमनचं काम मिळालं. बांधकामाला पाणी होतं, आम्हाला नव्हतं. त्याच उन्हाळ्यात आईची गर्भपिशवी काढली.

भूल उतरली तशी आई ओरडायला लागली. गोळी दिली तरी थांबेना.

"मावशी, बाकीच्या बायका एका गोळीत गप झोपल्यात. तुमचंच काय नाटक?" सिस्टर म्हणाल्या.

"बाई, गोळी पोटात गेली, पर दुखण्यापातूर पोचतच नाय."

वडील शरमले. कळपामागं चालताना वाटेत मला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागलेली बाई, असं ते तिचं कौतुक सांगायचे. आता ते सिस्टरला म्हणाले, "शहराला भ्याली हाय, बाकी काय नाय." मी वाकून तिच्या कानात म्हणाले, "माय, गप. लोक बघतात."

ती गप झाली. पुढचे तीन दिवस तिनं चादरीचं टोक दातात धरून काढले.

आमच्या कळपात एक काळी मेंढी होती. तिला जंताचं औषध लागू पडायचं नाही आणि तिच्या पोटच्या कोकरांनाही नाही. वडील त्यांच्यापुरतं वेगळं औषध आणायचे. मेंढरांच्या चार पिढ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला बायकोच्या बाबतीत हे सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर शिकलेली.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आईच्या जुन्या फाईलमध्ये आहे तीच गोळी मला दिली, आणि दुखणं तसूभर हललं नाही. पण मी खासगी खोलीत होते आणि मला इंग्रजी येतं. भूल देणाऱ्या डॉक्टर लगेच आल्या.

"काहींच्या शरीरात या गोळीपासून दुखणं थांबवणारं औषध तयारच होत नाही. जन्मतःच तसं असतं. घरात आणखी कुणाला?"

"आईला."

"मग त्यांना काय दिलं होतं?"

डॉक्टरांनी औषध बदललं, अर्ध्या तासात मला झोप लागली.

आईच्या त्या जुन्या टाक्यांपाशी आता हर्निया आलाय. दोन वर्षं ती ऑपरेशनला नाही म्हणतेय. मी माझ्या डॉक्टरांकडून गोळीचं नाव, कारण, सगळं लिहून घेतलं आणि तिच्यासमोर बसून वाचून दाखवलं.

"म्हंजे मी खोटं बोलत नव्हते."

"नाही. या वेळी दुसरं औषध देतील, माय. चल."

"कागदावर आलं, मंग खरं झालं व्हय? तवा तोंडानं सांगत व्हते की." तिनं कागद माझ्याकडं सरकवला. "तुझ्या लेकीसाठी ठिव. मी नाय येणार."

मी कागद मुलीच्या आधार कार्डाच्या पाकिटात घातला. आईनं पोटावरचा पट्टा आवळला आणि नळ आला म्हणून मोटर लावायला उठली.