बायकांच्या खोलीतला कॅमेरा

जाफराबादच्या बसस्टँडसमोर भुजंगच्या फोटो स्टुडिओवर लावलेला फ्लेक्स दैवशालानं कापला तो सकाळी साडेदहाला, सगळ्या गावादेखत. फोटोच्या कडा कापायची स्टुडिओतलीच मोठी कात्री घेतली, स्टूल रस्त्यावर आणून ठेवलं, पदर खोचला आणि वर चढून हळद लागलेल्या त्या मुलीचा चेहरा चौकोनी कापून काढला. बाकीचा फ्लेक्स तसाच ठेवला. मधोमध खिडकीएवढं भोक, आणि भोवती लग्नाचे, बारशाचे, ड्रोनचे भाव.

फोटो तिनंच काढलेला होता. राजूरच्या एका घरात, दार आतून लावलेलं, खोलीत फक्त बायका. मुलगी कोपरापर्यंत हळदीनं माखलेली, केस ओले, आणि मामीच्या कसल्याशा चेष्टेवर डोळे मिटून हसलेली. तसं हसणं बाहेरच्या पुरुषापुढं येत नाही. तिच्या सासरच्यांनी जीपमधून जाता जाता तो फ्लेक्स पाहिला आणि पोरगी महिनाभर माहेरी येऊन बसली.

"फोटो चांगला होता म्हणून लावला, वहिनी," भुजंग खालून म्हणाला. "तुमचीच जाहिरात झाली ना."

"तिला विचारलं होतं?"

"हर एकाला विचारत बसलो तर मंग धंदा कव्हा करायचा?"

दैवशाला खाली उतरली. कात्री काउंटरवर ठेवली, तिच्या शेजारी स्टुडिओचा कॅमेरा, दोन्ही बॅटऱ्या आणि चार्जर. "मोजून घ्या," म्हणाली, आणि चालायला लागली.

अकरा वर्षं ती भुजंगकडं होती. बी.ए. झालेली, जीप चालवणाऱ्या कल्याणची बायको, स्टुडिओत आधी पावत्या लिहायला म्हणून गेलेली. लग्नाघरच्या बायका आतल्या खोलीत भुजंगला येऊ देत ना, म्हणून त्यानं एकदा तिच्या हातात कॅमेरा दिला, आणि तेव्हापासून डोहाळजेवणं, हळदी, न्हाणी, मुसलमानांच्या घरातली बायकांची बाजू हे सगळं तिचं झालं. फोटो ती काढायची खरी, पण कार्ड संध्याकाळी स्टुडिओत द्यावं लागायचं. तिथला कॉम्प्युटर काचेच्या दाराशी, रस्त्याकडं तोंड करून. चहा प्यायला आलेला कोणीही मागं उभं राहून बघायचा. खोलीचं दार आतून लावायचं आणि खोली मात्र उचलून बसस्टँडवर आणून ठेवायची, असा तो प्रकार. हे तिला अकरा वर्षं दिसत होतं. दिसूनही आपण गप्प बसलो, याचाच तिला जास्त राग होता.

चौथ्या दिवशी सरदारबी दारात आल्या. जाफराबादेतल्या निम्म्या बायकांच्या हातात बांगड्या भरणाऱ्या या मणियारीण. सत्तरीच्या, पाठ ताठ.

"फ्लेक्स तूच कापला ना?"

"मीच कापला, खाला."

"बराबर केलं. आयेशाचं लगीन आहे, सोळा दिवसांनी. माझी नात. बायांच्या खोलीचे फोटो तू काढायचे. पण एक बात. ते फोटो एका बी पुरुषाच्या नजरेला पडायचे न्हाईत. महेमूदच्या बी न्हाई. आयेशाचा बाप आहे तो, पण खोलीत परायांच्या लेकीसुना असतात." सरदारबींनी तिचा हात हातात घेतला, सवयीनं मनगटाचं माप घेतल्यासारखा दाबला. "मी बायांचे हात बघते, तू तोंडं बघती. दोघींनी बी बाहेर बोलायचं न्हाई."

"जबान देते," दैवशाला म्हणाली.

खाला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की जबान दिली, पण घरात कॅमेरा नाही. कॉम्प्युटर तर नाहीच.

बायकांच्या भिशीत तिचा नंबर दिवाळीचा होता. नंदाबाईनं कुरकुर न करता आपला नंबर तिला दिला, कारण तिच्या सुनेचं डोहाळजेवणही दैवशालानंच टिपलं होतं आणि त्यांतले दोन फोटो न विचारता स्टुडिओच्या भिंतीवर झळकले होते. रक्कम सांगितली तर कॅमेऱ्यावाले हसतील, पण तेवढी होती.

कल्याण तिला घेऊन जालन्याला गेला. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "भुजंगशी बोलून बघू का? चार दिवस भाड्यानं देईल."

"अन् कार्ड कोणाच्या कॉम्प्युटरात टाकायचं?"

कल्याणनं जीपचा गिअर बदलला.

राधेश्यामशेठच्या दुकानात काचेच्या कपाटांत कॅमेरे देवासारखे मांडलेले होते. शेठनं खुर्ची कल्याणला दिली, पाण्याचा ग्लास कल्याणला दिला आणि बोलायलाही त्याच्याशीच सुरुवात केली. "भाऊ, शादीसाठी ना? मंग हे बघा. बॉडी दमदार. सोबत ही मोठी लेन्स, दूरचं एकदम जवळ आणती. मंडपात घेऊन उभं राह्यलं की लोक आपोआप बाजूला होतात."

"घेणार ह्या आहेत," कल्याण म्हणाला आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"माझी खोली दहा बाय बाराची असते, शेठ," दैवशाला म्हणाली. "तीस बाया बसलेल्या. दूर म्हणजे तिथं भिंत आहे."

शेठ हसला, पण कपाट बदललं. तिनं कागद काढला. त्यावर मुद्दे तिच्याच अक्षरात होते, अकरा वर्षांत बोटांनी शिकलेले. कॅमेरा हलका हवा, कारण मांडी घालून बसून काढायचे असतात. खटक्याचा आवाज कमी हवा. खटका वाजला की बायका अंग चोरतात. फ्लॅश नकोच. ओढणीवरच्या टिकल्यांवर तो आपटतो आणि सगळ्यांची तोंडं पांढरी फटक होतात. फ्लॅश नाही म्हणजे लेन्स जास्त उजेड आत घेणारी हवी. आणि कार्डाच्या खाचा दोन, एक बिघडलं तरी दुसऱ्यावर फोटो राहतात. लग्न परत लागत नसतं.

"मेगापिक्सल किती पाहिजेत ते तर लिहिलंच न्हाई," शेठ म्हणाला.

"चोवीस बस झाले. मला फ्लेक्स करायचे न्हाईत."

तिनं त्याला दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावलं आणि दिवे घालवायला लावले. दोन गिऱ्हाइकं बाहेर खोळंबली. अंधारात तिनं कल्याणला शटराच्या फटीपाशी बसवलं, जिथं चेहऱ्याच्या एकाच बाजूला उजेड पडत होता, आणि तीन कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो काढले. एकात कल्याण कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसला. दुसऱ्यात खटका लाकूड मोडल्यासारखा वाजला. तिसरा छोटा, आत आरसा नसलेला म्हणून खटका जेमतेम वाजणारा, कोणीतरी दीड वर्ष वापरून परत केलेला. त्यावर पस्तीस एमएमची आखूड लेन्स होती. त्यात कल्याणच्या डोळ्याखालची रेघसुद्धा आली.

"हा तर पोराच्या खेळण्यासारखा दिसतो," शेठ म्हणाला. "लोक फोटोग्राफर समजणार न्हाईत तुम्हाला, ताई."

"न समजू द्या."

कॉम्प्युटरला तर दुपार गेली. शेठनं आधी एक काचेचं खोकं लावून दाखवलं, आत निळे-जांभळे दिवे फिरणारं. तिनं दिवे नसलेलं मागितलं. त्या पैशात रॅम वाढवून घेतली, फोटोसाठी दोन वेगळ्या हार्डडिस्क घेतल्या. मग पिशवीतून हळद लावून वाळवलेलं पांढरं फडकं काढलं, दाराच्या उजेडात नव्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला आणि तो एकेका पडद्यावर लावून फडकं शेजारी धरलं. पहिल्यावर हळद लिंबासारखी दिसली. दुसऱ्या मोठ्या, चकचकीत पडद्यावर हिरवट. भुजंगकडं असाच होता. त्याच्यावर सगळ्या नवऱ्या आजारी दिसत, म्हणून तो सगळ्यांना गोरं करत सुटायचा. तिसरा पडदा लहान होता, कोपऱ्यात धूळ खात पडलेला. त्यावर फडकं आणि फोटो एक झाले.

"लॅपटॉप का न्हाई घेत?" कल्याणनं हळूच विचारलं. "कुठं बी नेता येतो."

"म्हणूनच न्हाई. नेता आला की कोणी तरी म्हणणार, जरा आणा, बघू. हा घरातून हलणार न्हाई."

निघताना तिनं शेठला आणखी एक काम लावलं. फोटो आपोआप इंटरनेटवर चढतात, मोबाइलमध्ये उतरतात, ते जे काय असतं ते तिच्यादेखत बंद करून घेतलं. शेठनं बिल करताना कल्याणकडं बघितलं. "भाऊ, तुमच्या मंडळी लई कडक आहेत."

"मी जीप चालवतो, शेठ," कल्याण म्हणाला. "ब्रेक कोणाकडं आहे ते मला म्हाइत आहे."

लग्नाच्या दिवशी मंडपाबाहेर ट्रॉलीएवढा एलईडी पडदा उभा होता. नवरदेवाकडच्यांनी पुरुषांच्या बाजूला भुजंगला बोलावलं होतं. त्याच्या गळ्यात दोन कॅमेरे, डोक्यावरून फिरणारा ड्रोन. पडद्यावर पाहुणे स्वतःला बघून केस सारखे करत होते.

महेमूदभाईंनी दैवशालाच्या हातातला कॅमेरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "भाभी, कॅमेरा लहान दिसून राह्यला. सामान मागून येतंय का?"

"एवढाच आहे, महेमूदभाई."

भुजंग तिथंच होता. "जुना बी आहे तो," त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं. "अजून वेळ आहे, भाईजान. माझी एक पोरगी बसवतो आत."

महेमूदभाई विचारात पडले. दैवशाला थांबली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

खोलीत तीन तास ती कोणाला दिसलीच नाही म्हणा ना. मोठा कॅमेरा खोलीत आला की बायका पदर सावरतात. हा बारका कॅमेरा मांडीवर घेऊन दैवशाला आयेशाच्या चुलतीच्या आणि फुप्पीच्या, म्हणजे महेमूदभाईंच्या बहिणीच्या, मधे बसली, त्यांच्या गप्पांना हूं हूं करत. ओढण्या खांद्यावरून घसरल्या, गाणी झाली, एकीनं नवरदेवाच्या चालण्याची नक्कल केली. आयेशा हसता हसता रडली, आणि सरदारबींनी तिचे डोळे आपल्या बांगड्यांनी भरलेल्या हाताच्या पालथ्या बाजूनं पुसले. खिडकीचा उजेड तेवढाच होता. तेवढा बास झाला.

ती बाहेर आली तेव्हा दाराशी महेमूदभाई, भुजंग आणि नवरदेवाचा थोरला भाऊ उभे होते.

"भाभी, कार्ड द्या जरा," महेमूदभाई म्हणाले. "दुल्हनचा एकच फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचाय. पाहुणे मागून राह्यले."

"न्हाई देता येणार."

"अहो, पाच मिनिटं," भुजंग म्हणाला. "मी तिथंच कॉपी करतो. अन् तुमच्यात दोन कार्डं आहेत ना? एक द्या, एक ठेवा. तुमचं काय जातंय?"

त्याला खाचा माहीत होत्या. दैवशालानं कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला. मंडपातली माणसं माना वळवून बघायला लागली होती.

"माझं काही जात न्हाई," ती म्हणाली, आवाज न चढवता. "आत बसलेल्यांचं जातं. त्यांनी दार माझ्या भरवशावर लावलं होतं."

"दोन्ही बाजूंची बिदागी आम्ही देतोय," नवरदेवाचा भाऊ म्हणाला.

"मंग देऊ नका."

महेमूदभाईंना ते लागलं. "भाभी, मी बाप आहे तिचा."

"तुम्ही बाप आहात म्हणून तर अम्मींना विचारा. त्या हो म्हणल्या तर आत्ता देते."

तिनं दार ढकललं, उंबऱ्यातच बसली आणि सगळ्यांच्या देखत कॅमेऱ्याचं झाकण उघडून दोन्ही कार्डं काढली. आत वळून सरदारबींच्या तळहातावर ठेवली. नखाएवढे दोन काळे तुकडे. सरदारबींनी ते पानाच्या बटव्यात, लवंगांच्या कप्प्यात टाकले आणि दोरी ओढली.

"महेमूद," त्या आतूनच म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचा ओढणीबिगर फोटो भुजंगच्या पडद्यावर पाह्यचा का तुला?"

महेमूदभाई दारापासून बाजूला झाले. पडद्यावर मग नवरदेवाचा घोडाच परत परत दिसत राहिला.

नवरदेवाकडच्यांनी ती बाई फार ताठ आहे असं चार गावांत सांगितलं. भोकरदनचं एक ठरलेलं बारसं गेलं. भुजंगनं निरोप पाठवला, परत या, कॅमेऱ्याचं भाडं वेगळं देईन. निरोप आणणाऱ्याला तिनं चहा दिला आणि उत्तर दिलं नाही.

लग्नानंतर पाचव्या दिवशी दुपारी सरदारबी बटवा हातात धरून आल्या. सोबत सूनबाई, फुप्पी, दोन चुलत्या. कॉम्प्युटरचा पडदा आतल्या भिंतीकडं तोंड करून, दाराला पाठ. दैवशालानं दार लावलं, कार्डं घातली आणि माऊस सरदारबींच्या हाताखाली दिला.

"हा दाबला की पुढचा. हा दाबला की कायमचा गेला. मी काही बोलणार न्हाई."

"अगं, मला जरा गोरी कर ना यात," एक चुलती म्हणाली.

"न्हाई करत. चांगली दिसून राह्यली."

"बघा, आमच्याशी बी कडकच."

एका फोटोपाशी सरदारबी थांबल्या. त्यांचाच हात, आयेशाच्या गालावर. बांगड्या भरून भरून वाकलेली बोटं, काचेनं चिरलेल्या जुन्या खुणा, सगळं जसंच्या तसं. बराच वेळ बघितलं. माऊसवरचं बोट उचललं नाही आणि दाबलंही नाही.

बाहेर ओट्यावर महेमूदभाई बसले होते. चहाचे दोन कप झाले होते. कल्याण जीप धूत होता.

"अम्मी," त्यांनी दाराकडं तोंड करून विचारलं, "झालं का? मला बी एखादा दाखवा की आयेशाचा."

"चुप बस," सरदारबी आतून म्हणाल्या. "कोणता दाखवायचा ते आम्ही ठरवून राह्यलो."