शेवटची पानं नसलेली कादंबरी

मित्रहो, आज माधवसोबत लातूरला सिनेमा पाहिला. ज्या विज्ञान कादंबरीवर तो बेतलाय, ती आम्ही उदगीरच्या वाचनालयात वाचली होती. त्या प्रतीची शेवटची पानंच नव्हती. अंतराळवीर पृथ्वीवर परततो की नाही, यावर आम्ही दोघं कॉलेजपासून दर रविवारी चहावर भांडतो.

पडद्यावर तो परतला. माधवनं माझ्या पाठीत थाप मारली. "म्हणलो होतो ना, येतोय म्हणून!"

"सिनेमावाले कुणालाबी परत आणतेत. पुस्तकात न्हाई येत तो."

"तू कुठं पूर्ण वाचलंस?"

"अन् तू?"

बाहेर आल्यावर मी मोबाईलवर कादंबरी शोधली, मिळालीही. मागवणार, तोच माधवनं हात धरला. "ऱ्हाऊ दे गड्या. मंग रविवारी काय बोलायचं?"

मी मोबाईल खिशात ठेवला. तुमच्यापैकी कुणी ती वाचली असेल, तर कृपा करून शेवट इथं लिहू नका.